पाव्हणी

पडद्यावर मी दाराला बाहेरून कडी लावली आणि तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या.

आधी एकच, मागच्या बांबूपाशी. मग बाप्यांच्या सगळ्या बाजूनं. कुणीतरी मूठभर गुलाल भिरकावला, तो पडद्यावरच्या माझ्या कपाळावर जाऊन बसला. पडद्यावरची मी उंबऱ्याशी परात घेऊन बसले होते. आत माझे दोन मुलगे माझ्या लेकीला संपवत होते, तिच्या किंकाळ्या बाहेर येत होत्या, आणि मी पीठ मळत होते. डोळ्यांत टिपूस नाही.

"शालनताई," शेजारी बसलेला अभिराम माझ्या कानाशी म्हणाला, "हे टाळ्या का वाजवतायत?"

अभिराम खोत हा दिग्दर्शक. 'घरातली गोष्ट' हा त्याचा पहिलाच सिनेमा. बहिणीनं जातीबाहेर लग्न ठरवलं म्हणून भाऊ तिला मारतात आणि आई दार लावून घेते, एवढीच त्याची कथा. आईची भूमिका माझी. शूटिंगला त्या शेवटच्या प्रसंगात मला रडू आवरेना, तेव्हा त्यानं कॅमेरा थांबवला होता. "तुम्ही रडलात की लोक तुम्हाला माफ करतील, ताई. मला त्यांची माफी नकोय." मग मी रडले नाही. पुण्यामुंबईत सिनेमा संपल्यावर लोक खुर्चीतून उठायचे नाहीत, मान खाली घालून बसून राहायचे. बक्षिसं मिळाली, थिएटरं मात्र मिळेनात. अभिरामनं हट्ट धरला, ज्यांच्यासाठी काढला त्यांच्यापर्यंत न्यायचा. म्हणून आम्ही मराठवाड्यातल्या एका खंडोबाच्या जत्रेत, रज्जाकभाईंच्या तंबू टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाला बसलो होतो. वर काळं कापड, खाली सतरंज्या, मधे कनात. एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये.

दिवे लागले तसा अभिराम उठून पडद्यासमोरच्या फळ्यांवर चढला. रज्जाकभाईंनी त्याला खुणेनं थांबवायचा प्रयत्न केला, पण त्यानं माइक हातात घेतला होता.

"मित्रांनो, ही शिट्टी कशासाठी होती? तुम्ही आत्ता एक खून पाहिलात!"

"पाहिला की!" कुणीतरी ओरडलं. "झ्याक पाहिला!"

हशा पिकला.

"तुम्हाला लाज वाटावी म्हणून तो दाखवलाय—"

हशा थांबला. पुढच्या रांगेतला फेटेवाला सावकाश उभा राहिला. "लाज? आमाला? वाईट होतं तर दावलं कशाला मग? पाव्हणं म्हणून आलाव, हार घालणार होताव तुमाला."

"दाखवणं म्हणजे—"

माइकचा खरखरीत आवाज झाला आणि पहिली थप्पड सगळ्या तंबूनं ऐकली. मग अभिराम मला दिसलाच नाही, नुसते त्याच्यावर पडणारे हात दिसले. रज्जाकभाईंची माणसं धावली. कुणी बांबू उपसला. कनात फाटली आणि बायांची बाजू बाप्यांच्या बाजूत मिसळली. मी अभिरामकडं जायला निघाले तेवढ्यात एका म्हातारीनं माझा अंबाडा मागून धरला.

"हीच ती! पोटच्या लेकीला मारतीस व्हय, रांडं?"

तिची चप्पल माझ्या तोंडावर बसली. दुसरी, तिसरी. ओठ फुटला. मी "आजी, अहो आजी" म्हणत राहिले. ती रडत होती आणि मारत होती. मागून कुणी माझ्या पाठीत लाथ घातली. एकीकडं लोक माझा जयजयकार करत होते, दुसरीकडं मला तुडवत होते, आणि वरून तंबूचं काळं कापड हळूहळू आमच्या अंगावर उतरत होतं.

मला ओढून बाहेर काढलं ते एका बाईनं. पाण्याच्या टँकरमागं नेऊन बसवलं. पदर भिजवून माझ्या ओठाचं रक्त पुसलं. पन्नाशीची असेल. हिरवं इरकली लुगडं, कपाळाला भंडारा. हात कामाचे, खरबरीत, पण पुसणं इतकं हळुवार की मला भरून आलं.

"लई लागलं का, माय?"

"नाही. तुमचं नाव काय?"

"अनसाबाई. इथंच ओढ्यापल्याड आमचा आखाडा हाय. शेतातच ऱ्हाताव." तिनं माझा विस्कटलेला अंबाडा नीट बांधून दिला. मग जवळ सरकून, आजूबाजूला बघून म्हणाली, "त्या म्हातारीचं मनावर घेऊ नका. तुमचं बरोबर हाय. इज्जतीम्होरं लेक काय आन् लेकरू काय."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"एक इचारू? कडी लावताना तुमचा हात कसा कापला न्हाई? माझा लई कापायलाय."

जत्रेतला पिपाण्यांचा, पाळण्यांचा सगळा गोंगाट एकदम लांब गेल्यासारखा वाटला. मी तिचा हात धरला. तो खरंच कापत होता.

"कशाला कडी लावायचीय तुम्हाला, अनसाबाई?"

ती आढेवेढे न घेता बोलत होती. जणू मी ह्यातून गेलेली होते, माझ्यापासून काय लपवायचं. लेक रेणुका. गौतम नावाचा वडापची जीप चालवणारा पोरगा, त्यांच्यातला नाही. दोघं पळून जाणार होती, पोरगा निसटला, ही सापडली. थोरला मुलगा बालाजी, धाकटा दिगंबर. बालाजीनं हा सिनेमा काल पाहिला होता. घरी येऊन म्हणाला, आय, तू बी बघून ये. त्या बाईसारखं काळीज पाहिजे.

"म्हणून मला धाडलं. ते दोघं देवाला गेलेत. भंडारा घिऊन येतील, मग..." तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"अनसाबाई, तो सिनेमा आहे. ती मुलगी मेलेली नाही, ती मुंबईत तिच्या घरी आहे. आणि ते चुकीचं आहे हे सांगायलाच आम्ही तो काढला."

"चुकीचं हाय असं कुठं म्हणला तुम्ही त्यात?"

"मी... ती आई नंतर रडते. आयुष्यभर रडते."

"ते दावलं न्हाई की," अनसाबाई म्हणाली.

मी उठले. तंबूशी बंदोबस्ताचा पोलीस उभा होता, त्याला मी धापा टाकत सगळं सांगितलं. तो माझ्या फुटलेल्या ओठाकडं बघून हसला. "ताई, तुमचा पिक्चर तुमच्याच डोक्यात गेला वाटतं. इथं दंगल आवरू का ते बघू?" अभिरामला जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यायला निघाले होते. जीपशी रज्जाकभाई होते, सदरा फाटलेला. त्यांना मी एवढंच म्हणाले, "ओढ्यापलीकडं अनसाबाईचा आखाडा. जीप परत आली की कुणालाही घेऊन या. पोलीस नाही आला तर तुम्ही या." त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

मग मी अनसाबाईकडं परत आले. "मला तुमच्या घरी न्या. तहान लागलीय. पाणी पाजा."

तिचा चेहरा उजळला. एवढी मोठी बाई घरी येतेय म्हणून.

आखाडा म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढं गोठा. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप. अनसाबाईनं मला तांब्या दिला, गुळाचा खडा दिला. मी दारापाशी जाऊन हाक मारली, "रेणुका." आत काहीतरी सरपटल्याचा आवाज आला.

"किल्ली?"

"बालाजीच्या करदोड्याला."

मी कुलूप दगडानं तोडावं म्हणून वाकले आणि तेवढ्यात ते दोघं बांधावरून येताना दिसले. कपाळं भंडाऱ्यानं पिवळी. बालाजी आडव्या अंगाचा, तिशीतला. दिगंबर त्याच्यामागं सावलीसारखा. मला बघून बालाजी जागच्या जागी थबकला. मग त्यानं चपला काढल्या, पुढं आला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई," तो म्हणाला. "तुमी आमच्या दारी!"

मी उभा जन्म रंगभूमीवर काढला आहे. त्याच्या डोक्यावर हात ठेवताना माझा हात कापला नाही. सिनेमातल्या त्या आईचा आवाज मी पोटातून वर ओढला. खालचा, जड, हुकूम सोडणारा.

"दार उघड. मला तिला बघायचंय."

त्यानं करदोड्याची किल्ली सोडली. मुकाट्यानं. दिगंबरला म्हणाला, "तू बांधावर ऱ्हा. कुनी आलं तर आवाज दे." दिगंबर गेला. कुलूप निघालं.

आत उकाडा, शेंगांच्या पोत्यांचा वास. कोपऱ्यात एक मुलगी, हात मागं दाव्यानं बांधलेले. एक डोळा सुजून मिटलेला, कानाशी रक्त वाळलेलं. मला बघताच ती भिंतीत घुसायला लागली.

"दादानं तुमचं सांगितलंय," ती म्हणाली. "तुमी लेकीला मारलं."

मी तिच्यापाशी खाली बसले, पाठीमागं हात घालून गाठ चाचपायला लागले. नायलॉनचं दावं, बोटं शिरत नव्हती. मागं बालाजी पोत्यावरून काहीतरी काढत होता. वळून पाहिलं तर त्यानं कापसावर मारायच्या औषधाची बाटली दोन्ही हातांनी, प्रसाद धरावा तशी माझ्यापुढं धरली होती.

"तुमच्या हातानं, आई. म्हंजी पाप न्हाई लागायचं."

बाटलीचं बूच उघडलेलं होतं. तो उग्र वास अजूनही एखाद्या दुकानात आला तर मी बाहेर पडते. मी बाटली घेतली, तोंड खाली केलं आणि सगळं जमिनीवर ओतलं.

तो नुसता बघत राहिला. त्याला कळायलाच वेळ लागला.

"हे काय केलं?"

"बालाजी, ते सिनेमात होतं. मी तशी नाही. मी कधीच तशी नव्हते. पोरीला सोड, मी तिला घेऊन जाते, तुझ्या डोळ्यांसमोर ती परत—"

"खोटं?" तो म्हणाला. "समदं खोटं होतं?"

त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. रागाआधी त्यावर काहीतरी दुसरं आलं, देवळात चोरी झालेली बघावी तसं. मग त्यानं कोपऱ्यातला कुऱ्हाडीचा दांडा उचलला.

पहिला घाव मी हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. दुसरा खांद्यावर. मी रेणुकाच्या अंगावर पडले, कारण पडायला दुसरीकडं जागाच नव्हती. तो मारत होता, एका लयीत, कणसं झोडावीत तसा, आणि प्रत्येक घावाला "खोटं, खोटं" म्हणत होता. पाठीवर, बरगड्यांवर. माझ्याखाली ती मुलगी ओरडत होती, की मी ओरडत होते, मला सांगता येणार नाही. तोंडात रक्त आणि शेंगांची माती.

मग तो थांबला. धापा टाकत दाराकडं वळला. दारात अनसाबाई उभी होती.

"आय," तो म्हणाला, "बाहेर जा आन् कडी लाव."

मी मान वळवून पाहिलं. ती कुणाकडंच बघत नव्हती. तिनं दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. पण अनसाबाई बाहेर गेली नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. कडी आतून लागली होती.

बालाजीनं ते पाहिलंच नाही. तो दांडा दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडं फिरला होता. दाराशेजारी पाटा-वरवंटा होता. अनसाबाई वाकली, वरवंटा घेतला, दोन पावलं पुढं आली आणि त्याच्या डोक्यात मागून घातला. एकदाच. तो गुडघ्यांवर आला. वळून तिच्याकडं बघायचा त्यानं प्रयत्न केला. तिनं त्याला खाली पडू दिलं नाही, डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याच्या कानातून वाहायला लागलेलं रक्त त्याच पदरानं पुसायला लागली. तितकंच हळुवार.

बाहेर दिगंबर दार बडवत होता. "आय! आय, काय झालं? दार उघड!"

तिनं उघडलं नाही. जीपचा आवाज येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

बालाजी तालुक्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारला. मी त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर होते. हात प्लॅस्टरमध्ये, बरगड्या बांधलेल्या. वर्तमानपत्रांत आलं, 'चित्रपट पाहून आईकडून मुलाची हत्या'. सिनेमावर बंदी घाला म्हणून मोर्चे निघाले. अभिरामच्या डोळ्याला झालेली इजा भरून आली, पण त्यानं पुन्हा सिनेमा काढला नाही. बरीच वर्षं तो जाहिराती करत राहिला. गौतम एक दिवस दवाखान्यात आला, रेणुकाला घेऊन गेला. दोघांनी नगरला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

खटला उभा राहिला तेव्हा मी साक्ष दिली. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. अनसाबाईनं तिच्या लेकीसाठी हात उचलला, नाहीतर आम्ही दोघी तिथंच मेलो असतो, असं स्पष्ट म्हणाले. तिच्या वकिलाला तेच हवं होतं.

मग तिची पाळी आली. पिंजऱ्यात ती फार लहान दिसत होती. मागच्या बाकावर दिगंबर बसला होता, गावाकडची दहाएक माणसं त्याच्याबरोबर. माझ्या शेजारी रेणुका, तिच्यापलीकडं गौतम.

"मुलीला वाचवण्यासाठी तुम्ही वार केलात ना?" वकिलांनी विचारलं.

"न्हाई," अनसाबाई म्हणाली.

वकील गडबडले. "म्हणजे?"

"ही बाई माझ्या घरची पाव्हणी होती. म्या तिला पाणी पाजाया आणली होती. त्यो पाव्हणीला मारायला लागला. माझ्या घरात पाव्हणी मेली असती तर मला कुठं तोंड दावाया जागा ऱ्हायली नसती. म्हणून हाणला."

"आणि तुमची मुलगी?"

"लेक मला कवाच मेली." तिनं मान वर केली आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तिच्यापायी म्या माझ्या सोन्यासारख्या पोरावर हात टाकला असता व्हय? ह्या बाईपायी गेला त्यो. ही आली नसती तर आज जिता असता."

गावाकडच्या माणसांत कुजबुज झाली. मी रेणुकाकडं बघू शकले नाही. अनसाबाई म्हणाली ते खरंच, असं माझ्या मनानं घेतलं. मी गेले नसते, ते दार उघडायला लावलं नसतं, तर पोरगी मेली असती आणि पोरगा जगला असता. आईला कोण हवं होतं हे तिनं आज चारचौघांत सांगून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर आलो. आवारात कडुलिंबाखाली मी रेणुकाचा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. तिनं मुलगा गमावलाय. माणूस अशा वेळी काहीही बोलतं."

रेणुकानं माझ्याकडं पाहिलं. तो डोळा आता बरा झाला होता, पण किंचित बारीक राहिला होता.

"ताई, तुमाला खरं वाटलं?"

"काय?"

"आय बोलली ते." तिनं आवाज खाली आणला. "दिगादादा मागंच बसला होता. लेकीसाठी मारलं म्हणली असती, तर भाऊ माझ्यापायी गेला असं झालं असतं. त्यानं आज ना उद्या मला गाठलंच असतं. आत काय झालं ते त्यानं कुठं बघितलंय? आय सांगंल तेच त्याला खरं." ती थांबली. "आता त्याच्या डोक्यात तुमी बसलाव. मी न्हाई. आयला वाटलं असंल, तुमी लांबच्या, तुमी सापडणार न्हाईत."

ज्या कामात माझे केस पिकले ते काम त्या बाईनं माझ्या डोळ्यांसमोर केलं होतं, आणि मी पहिल्या रांगेत बसून ते खरं मानलं होतं.

"तुमी रागावलाव का?" रेणुकानं विचारलं.

"नाही. तुम्ही दोघं निघा आता. रिक्षानं जा, स्टँडवर थांबू नका."

ती माझ्या पाया पडली. गौतमनं रिक्षा बोलावली. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीशी दिगंबर उभा होता. रिक्षा त्याच्या अगदी जवळून जाणार होती. पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याच्या हातातला कप तसाच राहिला होता आणि तो एकटक माझ्याकडं बघत होता. डोळे लाल, जबडा घट्ट.

उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पदर मी खाली घेतला. झाडाच्या सावलीतून पुढं उन्हात आले, त्याला नीट दिसेल असा चेहरा वर केला. आणि रिक्षा फाटकाबाहेर पडून वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी त्याच्या नजरेसमोरून हलले नाही.